दीड दात

गुरुवारी दुपारी येते त्सिउरी.
सिन्योरा अदोलोराताला औषध देऊन, निजवून,
दार दोनदा ओढून बघून.
बारीच्या स्टेशनामागं आमचं दुकान:
एक काउंटर, एक काच, काचेला बोलण्यापुरतं भोक
आणि वर पिवळ्या अक्षरांत
शुल्क शून्य.
शून्याच्या खांद्यावर एक बारकी चांदणी,
तिचा अर्थ खाली, मुंगीच्या अक्षरात.
हे दाखवायचे दात.
खायचे आत, दराच्या रकान्यात.
ती पाटी मी लावलेली नाही.
पुसते मात्र मीच, रोज सकाळी.

तीनशे युरो. त्किबुलीला, आईच्या खात्यात.
आईला वरची कवळी करायचीय,
चौदा दात, दोनशे नव्वद.
"उरतील त्या दहात काहीतरी मऊ खाईल."

फॉर्मवर तीन चौकटी असतात.
खर्च कोण सोसणार?
पाठवणारा. घेणारा. दोघं मिळून.
तिचं इटालियन आजारपणाचं:
कूस, ताप, लघवी, हळू, अजून एक घास.
'सोसणे' मात्र तिला लगेच कळलं.
पेनाचं टोपण चावत हसली,
"आमच्या घरात हे कुणी विचारलंच नाही कधी."
मी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.
सगळे तिथंच खूण करतात.

दहा दिवसांनी पैसे परत आले.
आडनावातला एक क चुकला होता.
त्यांच्याकडे क तीन:
एक श्वासाचा, एक दाबलेला,
आणि एक घशाच्या तळाचा, जिथं आवंढा अडतो तिथला.
कुराश्विलीतला तो तिसरा.
पासपोर्टात त्याला वेगळं अक्षर आहे,
हिनं लिहिलं साधं.
बँकेनं आई ओळखली नाही.

आले ते दोनशे एकाहत्तर.
"पोचलेच नाहीत, तर खाल्ले कुणी?"
मधल्या बँकेनं.
"ती कुठं असते?"
मला माहीत नाही. फ्रँकफुर्टला असेल.
जाताना जकात, येताना जकात,
मध्ये कुणाचं तोंड दिसत नाही.
त्सिउरीनं बोटांवर हिशेब केला.
"दीड दात," म्हणाली,
दीड लिटर दूध म्हणावं तसं.

व्हॅनवाला तेमुरी नेतो पाकिटं, वीस युरोत,
पण मार्चपासून त्याची व्हॅन सीमेवर उभी आहे
आणि तेमुरी फोन उचलत नाही.

माझे बाबा एक्क्याण्णव साली जहाजातून
याच बंदरात उतरले. पहिला पगार
मोज्यात गुंडाळून काकांच्या हाती दुर्रेसला धाडला.
किती पोचला ते आजी कधी बोलली नाही.
काकांनी त्या वर्षी सायकल घेतली.

दुसऱ्यांदा तिनं एकेक अक्षर बोटानं दाबून वाचलं.
खूण पहिल्या चौकटीत केली,
इतकी जोरात की फॉर्मखाली टेबलाच्या रंगावर उमटली.
अजून आहे. माझ्या कोपराला लागते.
माझ्या हिश्श्याचे चार युरो त्या दिवशी मी सोडले
असं सांगायला आवडलं असतं.
संगणक आपोआप कापतो.

मे महिन्यात तिनं काचेला फोन लावून धरला.
पेलागिया, बाकावर, मांडीवर टोपलं.
पलीकडून कुणीतरी म्हणतं, दाखव ना.
ती दाखवते. पांढरे, जरा मोठेच, शाळेतल्या खडूसारखे.
मग हसू येतं
आणि हात उठतो, तोंडावर जातो,
अकरा वर्षं जात होता तसाच.
"हात काढ, आई!" त्सिउरी ओरडली.
व्हिडिओ कालचा होता.
तिथं काही ऐकू जात नव्हतं.

आम्ही तो तीनदा पाहिला.
मागं रांग वाढत होती.
टोपी घातलेला एक मुलगा मान वर करून
चांदणीकडे बघत होता.
"हे खाली काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.